बैलाची शिंगं कापू नका (फोटो रिसाइज करायच्या गप्पा)

लातूरच्या एका दोस्तासाठी जनावरं विकायची साइट करायलोय. देवणी, लाल कंधारी जातीचे गाई-बैल, अधूनमधून म्हशी. शेतकरी गोठ्यातूनच फोटो टाकतात, एकेक चार-पाच एमबीचा, आणि बघणारा बसलेला असतो कुठंतरी रानात जिथं रेंजची एकच काडी, म्हणजे फोटो लहान करूनच पाठवावा लागतो.

आता लहान कधी करायचा? अपलोड झाला की लगेच सगळ्या साइज करून ठेवायच्या, का कुणी मागितला की तिथल्या तिथं? मी दुसऱ्या पार्टीतला. कारण डिझाइन बदलत राहतं राव, दोस्त उद्या म्हणणार "जरा मोठं दिसू दे की", मग जुने सगळे फोटो परत कोण करत बसणार. ओरिजिनल जपून ठेवायचा, यूआरएलमध्ये रुंदी घ्यायची, पहिल्या मागणीला सर्व्हर फोटो बनवणार, पुढं कॅशेतून, म्हणजे एकदा बनवून ठेवलेलाच परत द्यायचा. फक्त रुंदी मोकाट सोडू नका, कुणी टवाळ स्क्रिप्ट लावून ६४१, ६४२, ६४३ मागत बसला तर सर्व्हर बसलाच. ३२०, ६४०, १२८० एवढ्याच चालतील, बाकीला सरळ एरर.

रॅमचंही बघा. ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर ४ एमबी दिसतो, पण उघडला की १.२ कोटी पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, झाले ३६ एमबी. शार्प वापरा (नोड जेएसची फोटो लहान करायची लायब्ररी), त्याच्या पोटात लिबव्हिप्स नावाचं इमेज इंजिन आहे, ते जेपेग उघडतानाच निम्मा, पाव करून घेतं. आणि जास्तीत जास्त पिक्सेलची मर्यादा ठेवाच.

मोबाइल उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बऱ्याचदा आडवाच असतो, एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच लपलेली माहिती) नुसतं ओरिएंटेशन ६ लिहिलेलं, म्हणजे दाखवताना फिरवून दाखवा. आधी फिरवून घ्या, मग एक्झिफ काढा, नायतर बैल भिंतीवर चढलेला दिसतो. काढायचं मात्र नक्की, कारण त्यातच जीपीएस असू शकतं, म्हणजे गोठ्याचा पत्ता चोराला फुकटात. पण त्याच झटक्यात कलर प्रोफाइलही (रंग कसे वाचायचे याची नोंद) उडालं तर आयफोनवर काढलेला लाल कंधारी फिका पडतो, कारण आयफोनचे फोटो पी३ या जास्त गडद रंगांच्या पद्धतीत असतात. आधी एसआरजीबीत, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदला. हा रंगबदल शार्प आपोआप करतं, पिलोमध्ये (पायथनची तसलीच लायब्ररी) हातानं करावा लागतो.

राहिला क्रॉप. डिझायनरला चौकोनी ग्रिड पाहिजे होती. मधला चौकोन कापला की एका बाजूला शिंगं गेली, दुसऱ्या बाजूला शेपूट. हाळी हंडरगुळीच्या बाजारात गिऱ्हाईक काय बघतं? शिंगं, खुरं, वशिंड, पाठीची लांबी. स्मार्ट क्रॉपही (फोटोतला महत्त्वाचा भाग स्वतःच शोधून कापणारा) लावून बघितला, त्यानं बैल सोडून कासरा धरलेल्या मामांचं तोंड मधोमध आणलं! मामा विकायचे नाहीत की वो. म्हणून पूर्ण फोटो बसवायचा, उरलेल्या जागेत फिका राखाडी रंग. डिझायनर अजून कुरकुर करायलाय, करू द्या.