आधी नीट बसा, मग उडा

बोटीमागे दोरी धरून, पाण्याच्या दोनेक फूट वर, खुर्चीत बसून मी सरकत चालले आहे असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनी अंगठे पाठवले. आईने सांगलीहून विचारलं, "खुर्चीला पट्टा कशाला बांधलाय? पडलीस तर सुटणार कशी?" सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. उत्तर पुढे येईलच, कारण हा खेळ शिकताना निम्मा वेळ पडण्यातच जातो.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. हिचं नाव हायड्रोफॉइल, बोलताना नुसतं फॉइल. एक अरुंद, जाड फळी. तिच्यावर साधारण गुडघ्याच्या उंचीचा ॲल्युमिनियमचा खांब, त्याला टॉवर म्हणतात, आणि त्यावर छोटी सीट. पुढे पाय अडकवायला पट्टे. फळीखाली तीनेक फूट लांब पातं, ते स्ट्रट. त्याच्या तळाशी विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा आणि मागचा छोटा. वेग आला की पुढचा पंख वर उचलतो आणि मागचा तोल सांभाळतो. हवेपेक्षा पाणी साधारण ८०० पट घन असल्यामुळे एवढासा पंख अख्ख्या माणसाला उचलायला पुरतो. फळी पाण्याबाहेर आली की लाटांचे धक्के जवळजवळ संपतात. माझ्या उजव्या गुडघ्याचं आणि साध्या वॉटरस्कीचं कधीच जमलं नाही, इथे मात्र तो गुडघा तक्रार करत नाही.

बसून चालवायचा हा प्रकार १९८० च्या दशकाच्या अखेरीस माइक मर्फी आणि बॉब वूली यांनी उभा केला. मर्फी मुरलेला वॉटरस्कीअर. त्यांची 'एअर चेअर' इतकी रुळली की जुने लोक कुठल्याही कंपनीच्या फॉइलला आजही एअर चेअरच म्हणतात. नंतर 'स्काय स्की' आली. एअर चेअरचं गाव म्हणजे ॲरिझोनातलं लेक हवासू सिटी. कोलोरॅडो नदीवर १९३८ मध्ये पार्कर धरण पूर्ण झालं आणि त्यामागे हवासू तलाव साठला. लंडनचा जुना पूल दगड-दगड सुटा करून आणून १९७१ मध्ये पुन्हा उभा केला तो याच गावात. आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पुरात उड्या टाकणारी पोरं बघत मी मोठी झाले, तेव्हा पूल आणि पाणी एकत्र दिसलं की मला लगेच आपलेपणा वाटतो.

आम्ही फिनिक्सला राहतो, म्हणून शिकले ते लेक प्लेझंटवर. घरापासून तासाभराचा रस्ता. गंमत म्हणजे तिथलं बरंचसं पाणीही हवासूचंच. सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा ते हवासूतून उपसून वाळवंटातून आणतो, हिवाळ्यात लेक प्लेझंटमध्ये साठवतो आणि उन्हाळ्यात पुढे सोडतो. इथे मेपासून सप्टेंबरपर्यंत घराबाहेर पडायचं तर पाण्यातच पडावं असा उन्हाळा असतो. धाकट्या दिराने जुनी बोट घेतली होती, फॉइल त्याच्या ओळखीतून मिळालं आणि मला पोहायला येत होतं. (पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत शिकलेलं पोहणं अमेरिकेतही चालतं.)

आता शिकण्याबद्दल. इंटरनेटवर सगळे उलटी कोलांटी दाखवतात, फळीवर नुसतं बसायचं कसं ते कोणी दाखवत नाही. माझं ठाम मत आहे की पहिल्या दिवशी उडूच नये. फळी पाण्याला चिकटवून ठेवून बोटीमागे सरळ जाता आलं तर तो दिवस सार्थकी लागला समजावं. ऐकायला हे फारच सोपं वाटतं. पण पंखाला वर जायचीच ओढ असते, आणि त्याला खाली दाबून ठेवणं हेच पहिलं कौशल्य.

सुरुवात खोल पाण्यातच. स्ट्रट खाली तीन फूट जातो, म्हणून निदान सहा-सात फूट पाणी हवं, आणखी खोल असेल तर उत्तमच. आधी सीटवर बसून पट्टा घट्ट आवळायचा, अगदी कंबर आणि सीट यांच्यात फट उरणार नाही इतका. मग पाय अडकवायचे. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट दोन्ही हवं, यावर चर्चा नको. फळीचं टोक पाण्याबाहेर, बोटीच्या दिशेने. दोरी ६०-६५ फूट. हात सैल आणि हँडल खाली, गुडघ्यांपाशी. बोटीने आधी नुसतं गिअरमध्ये टाकून दोरी ताणून घ्यायची आणि मग हळूहळू गॅस वाढवायचा. फळी पाण्यावर आली की छाती पुढे, वजन पायांवर. वेग ताशी १४-१५ मैल, म्हणजे २२ ते २४ किलोमीटर. इतक्या वेगात पंख उचलतो, पण धसमुसळेपणा करत नाही.

इथे माझ्या शरीराने जे केलं ते बहुतेकांचं करतं. दोरीची ओढ लागली की आपण मागे रेलतो. गाडीत, झोपाळ्यावर, बसमध्ये सगळीकडे तेच करत आलेलो असतो. फॉइलवर खांदे मागे गेले की फळी वर जाते, पुढे आले की खाली येते. सगळं नियंत्रण एवढंच, आणि तेही बोटभर हालचालीचं. हातांनी हँडल ओढून काहीही साधत नाही, उलट ओढलं की खांदे मागे जातात आणि तुम्ही आकाशाकडे निघता. दीर बोटीतून ओरडायचा, "वहिनी, खाली नका बघू, माझ्याकडे बघा!" त्याचं बरोबर होतं. नजर फळीच्या टोकावर गेली की डोकं झुकतं आणि डोक्यामागून सगळं अंग. बोटीतल्या दोरीच्या खांबावर किंवा समोरच्या डोंगरावर नजर ठेवली की फळी आपोआप शांत होते.

फळी सरळ राहायला लागली की वेग ताशी १८ मैलांच्या आसपास न्यायचा आणि खांदे अगदी किंचित सैल सोडायचे. खडखड एकदम थांबते. पाणी दिसतं, पण लागत नाही. बहुतेक लोक याच क्षणी दचकून आणखी मागे रेलतात आणि पंख पाण्याबाहेर येतो. पंखावर हवा शिरली की उचल एका झटक्यात संपते आणि सगळं धपकन खाली. म्हणून सुरुवातीला फूटभरच उडायचं, पुन्हा फळी टेकवायची, पुन्हा फूटभर. सायकलवर टेकवत-टेकवत शिकतात तसं. वेकच्या, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या दोन लाटांच्या, मधोमध राहायचं. वळायचं असेल तर वळणाच्या बाजूला हलकेच कलायचं. लाट ओलांडायची हौस नंतर.

आता आईच्या प्रश्नाकडे. पडल्यावर सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे ते पातं आणि पंख, धातूचे आणि कडांना धारदार. पट्ट्यामुळे तुम्ही आणि फॉइल एकत्र पडता, म्हणजे पंख कायम तुमच्या पायांखाली, एका ठरलेल्या जागी राहतो. सुटं फॉइल कुठून डोकं काढेल याचा नेम नसतो. तोल गेला की हँडल सोडून द्यायचं, श्वास धरायचा, हातपाय आवरून घ्यायचे. जॅकेट वर आणतंच. पट्टा काढायचा तो पाण्यात पूर्ण थांबल्यावर. मात्र पहिल्यांदा ओढून घेण्याआधी, बोट बंद असताना, शिडीजवळ तरंगत, डोळे मिटून बकल काढायचा सराव करा. हात स्वतःहून बकलवर जाईपर्यंत करा. आईला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे पडायचंसुद्धा बसूनच!" हो, बसूनच.

बोट चालवणाऱ्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, पण नवख्याचं अर्धं शिक्षण त्याच्या हातात असतं. ताकदवान बोट लागत नाही, हलका हात लागतो. नवऱ्याने चालवली तेव्हा मी पाण्याखाली जास्त होते आणि वर कमी. दिराचा हात लोण्यासारखा. (हे वाक्य घरात वाचलं जाणार आहे, याची मला कल्पना आहे.) शिवाय बोटीत मागे बघणारा तिसरा माणूस हवाच. ॲरिझोनात तो कायदाच आहे, त्याचं वय निदान १२ हवं आणि स्वार पाण्यात पडलेला असताना नारिंगी किंवा लाल झेंडा वर धरावा लागतो. आमच्याकडे हे खातं पुतणीकडे आहे आणि ती झेंडा क्रिकेटच्या अंपायरच्या थाटात उचलते. बोटीत परत येताना इंजिन बंद करायचं, आधी फॉइल वर द्यायचं, पंखांना लगेच कव्हर, मग आपण.

नवीन फॉइल महाग असतं आणि शिकण्यापुरतं जुनं घेतलं तरी भागतं. मी तर जुनंच घ्या म्हणेन, कारण आवड टिकेल की नाही हे महिन्याभरात कळतं. घेताना स्ट्रट आणि पंखांच्या जोडांवरचे स्क्रू बघा, जिथे स्टील ॲल्युमिनियमला टेकतं तिथे ते गंजून अडकतात. टॉवरच्या वेल्डिंगला तडा आहे का, पंखांच्या कडा वाकल्या आहेत का, ते हाताने चाचपून बघा. पट्टा मात्र जुना असेल तर विचार न करता बदला. पंख मोठा असलेलं मॉडेल मिळालं तर नवख्याला बरं, कमी वेगात उचलतो आणि वागायला शांत असतो.

सध्या माझं वेक ओलांडणं चालू आहे. लाटेवर चढताना अंग वर जाऊ द्यायचं नाही, फळीची उंची लाटेच्या वरच ठेवून तिरकं निघून जायचं, असं दीर सांगतो. डाव्या बाजूला जमतं, उजव्या बाजूला गुडघा नव्हे तर मन अडतं. सप्टेंबर संपेपर्यंत लेक प्लेझंटचं पाणी बरंच उतरलेलं असतं आणि एरवी बुडालेले खडक कडेला डोकं काढतात, म्हणून तेव्हा आम्ही मधल्या खोल भागातच राहतो आणि सकाळी लवकर जातो. दहानंतर बोटींची गर्दी होते, पाणी घुसळून निघतं, आणि मग डबे उघडून थालीपीठ खायचं.