शेवंतीची जुडी घेऊन फ्लॉरेन्सला

"परदेशात जायचंच असलं तर एकदा महाराजांच्या छत्रीला जाऊन येऊ," असं अण्णा म्हणाले आणि आमचा देश ठरला. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी दिला, आणि तिथेच त्यांची छत्री, म्हणजे घुमटाचं स्मारक, उभी राहिली, हे अण्णांनी कितीतरी वर्गांना सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलं मात्र नव्हतं.

आधी टूरवाल्यांची पत्रकं आणली. दहा दिवसांत पाच देश, त्यात फ्लॉरेन्सला अर्धा दिवस, आणि छत्रीचं नाव कुठेच नाही. पाच माणसांचा आकडा ऐकून ह्यांनी पत्रकाची घडी घालून ती कपाटात ठेवली. मग मी वही घेऊन बसले. पैसा सगळ्यात जास्त जातो तो रोज गाव बदलण्यात, हे दोन-तीन रात्रींच्या हिशेबातच कळलं. म्हणून एकच देश, एकच मुक्काम: फ्लॉरेन्समध्ये आठ रात्री.

भाऊबीज आटपून निघालो. नोव्हेंबरात तिकडची गर्दी ओसरते, खोल्यांचे भाव उतरतात आणि मुलांना सुट्टीही असते. पाऊस लागतो आणि पाचच्या सुमाराला अंधार पडतो, तेवढी तयारी ठेवा.

व्हिसाचं काम लवकर हातात घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. थोरली पंधराची, धाकटा नऊचा, त्यामुळे आमचे नुसते फीचेच ४०५ युरो झाले, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं, पण बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

घर घेतलं ते रिफ्रेदी भागात. तिथून रेल्वेने मुख्य स्टेशन अगदी जवळ, आणि भाडं जुन्या शहरापेक्षा कमी. स्वयंपाकघर असलेलं घर हीच आमची खरी बचत. कांदा-लसूण मसाला, भाजणी, मेतकूट बरोबर नेलं. तूप आणि पेढे घरीच ठेवले, कारण बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात येतं त्या टस्कनीची माणसं पांढरे घेवडे आवडीने खातात. मी ते आणून आपल्या मसाल्यात उसळ केली आणि तिकडच्या पावाबरोबर वाढली. त्या पावात मीठ नसतं, म्हणून झणझणीत रश्शाबरोबर तो फार छान लागतो.

बाहेर खायचं तर वजनावर विकतात तो पिझ्झा घ्यावा. हॉटेलात बसलं की 'कोपेर्तो' नावाचा माणशी आकार बिलात येतो. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायची. बसून प्यायली तर बऱ्याच ठिकाणी दर वाढतो.

मुलं बरोबर असणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी: इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखाली प्रवेश फुकट आहे, मूल कुठल्याही देशाचं असो. उफ्फिझी या चित्रांच्या संग्रहालयात आम्हा मोठ्यांना तिकीट पडलं, पोरांना नाही. पासपोर्ट तेवढा जवळ हवा. पिसाला साध्या प्रादेशिक गाडीने तासाभरात गेलो. या गाड्यांचं भाडं आयत्या वेळीही तेवढंच असतं. फक्त कागदी तिकिटावर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. लुक्का गावाला तटबंदीवरून पूर्ण फेरी मारली, चार किलोमीटर, पैसे लागत नाहीत. अण्णांना पन्हाळ्याची आठवण येत होती.

छत्रीला जायला मंगळवार धरला. ट्रामने काशिने बागेपाशी उतरलो तर समोर आठवडी बाजार भरलेला. कपडे, भाजी, चीज, भांडी. अण्णांना फुलांच्या गाड्यावर शेवंती दिसली. नोव्हेंबरात तिकडे शेवंती कबरींवर वाहतात. आपल्याकडे ती दिवाळीत देवाला. फुलं देणाऱ्या बाईंनी हातांनीच विचारलं, गेलेल्या माणसासाठी का? अण्णांनी मान हलवली. बाईंनी जुडीत आणखी दोन फुलं खोचली.

बागेतून नदीकाठाने तीनेक किलोमीटर चालावं लागतं. पलीकडच्या मोठ्या पुलाचं नावही 'इंडियानो' आहे, महाराजांवरूनच पडलेलं. मग झाडांतून छत्री दिसली आणि आम्ही सगळे गप्प झालो. घुमटाखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, खाली चार भाषांतले लेख. कोल्हापुरातला नवा राजवाडा ज्यांनी आखला, त्या चार्ल्स मँट यांनीच ही छत्रीही आखली. कमानी पाहून धाकटा म्हणाला, "आजोबा, हे तर आपल्या गावातलंच वाटतंय."

अण्णांनी ओल्या गवतावर बूट काढले, शेवंती कठड्यापाशी ठेवली आणि हात जोडले. नंतर थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वीस वर्षांचे होते गं. तुझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठे."

ती पुतळ्याकडे बघत राहिली. ट्रामपर्यंत पुन्हा तेवढंच चालायचं होतं, उजेड कमी होत चालला होता, पण अण्णांना कुणी चला म्हटलं नाही.