तुम्ही विचारलंत म्हणून: गुहागरात राहून बर्फातल्या शर्यती कशाला बघता?

हा प्रश्न मला माहेरीही विचारतात आणि बाजारातही, बर्फ कधी डोळ्यांनी बघितला नाहीस आणि ते स्कीइंग काय बघत बसतेस म्हणून. तर सांगते.

2013 च्या पावसात आमच्या घराखालच्या पाखाडीवरून पाय घसरला, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. फेब्रुवारीपर्यंत चालायला लागले होते पण पाखाडी चढायची ती चढायची, उतरताना मात्र जीव घशात यायचा. चढताना पाय दुखतो, उतरताना भीती वाटते, हा फरक ज्याचा गुडघा गेलाय त्यालाच कळतो.

त्याच दिवसात, 12 फेब्रुवारी 2014 ला, टीव्हीवर सोची ऑलिम्पिकची बायकांची डाउनहिल लागली होती. डाउनहिल म्हणजे डोंगरावरून एकदाच खाली यायचं, एकच फेरी, वेग ताशी शंभरच्या वर, चुकलात की संपलं. आठव्या नंबरला उतरायला स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आली, वेळ 1 मिनिट 41.57 सेकंद. कॉमेंट्रीवाला म्हणाला हिच्या गुडघ्यांची नऊ ऑपरेशनं झालीत आणि मी उठूनच बसले, नऊ! माझं एक झालेलं. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकात हीच बाई शेवटच्या उडीवर भयंकर आपटली होती, आणि चार वर्षांनी परत तसल्याच उतारावर उभी.

मग ती खाली थांबून एकेकीचा टाइम बघत राहिली. एकविसावी उतरायला स्लोव्हेनियाची टीना माझे आली, आणि बोर्डावर परत 1:41.57! घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच धरतात, त्या वेगात तेवढ्या वेळात माणूस वीतभरापेक्षा जरा जास्त सरकतो, म्हणजे दोघींत फरक असलाच तर त्याहून कमी. दोघींना गोल्ड दिलं, ऑलिम्पिकच्या अल्पाइन म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीइंगमध्ये असं पहिल्यांदाच झालं, आणि स्लोव्हेनियाचं तर हिवाळी ऑलिम्पिकातलं ते पहिलंच गोल्ड. दोघी हातात हात धरून पोडियमवर चढल्या. गिसिनने रडत रडत आजीआजोबांना फोन लावला होता, ते बघून इकडे मीही रडले.

संध्याकाळी काठी घेऊन पाखाडीवर गेले. सात पायऱ्या उतरले, मग सासूबाईंनी वरून हाक मारली.