पात्राला ठाऊक नसलेले

पुण्यातील आमचा गट रात्री ऑनलाइन रोलप्ले, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन वावरण्याचा खेळ, खेळतो, तेव्हा खेळाबाहेर डिस्कॉर्डवरच्या गप्पांत वाचलेली किंवा एखाद्याच्या ट्विचवरील थेट प्रक्षेपणात पाहिलेली माहिती पात्राच्या तोंडी येऊ द्यायची नाही, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो मोडणे म्हणजेच मेटागेमिंग. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका करणाऱ्या नटाला शेवट पाठ असतो, तरी त्याचे पात्र ऐन प्रसंगी खरोखर दचकते. रोलप्लेमध्ये संहिताच नसल्याने हा संयम अधिक कठीण होतो. पडद्यावर पात्राच्या डोक्यावर नाव दिसते, म्हणून अनोळखी पात्राला नावाने हाक मारणे हीसुद्धा गळतीच. ही माहिती माझ्या पात्राला खेळात कोणी, कुठे दिली, याचे उत्तर सापडले नाही, तर माझे हवालदाराचे पात्र चोराच्या दारावरून जातानाही चौकशी सुरू करत नाही.