उजवी झडप का आपटते

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत लाकडी झडपांच्या खिडक्या आता मोजक्याच घरांत उरल्यात. बाकीच्यांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवून घेतल्या. मी बसवणार नाही. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच मोकळी होते. झडपा उघडल्या की अख्खी चौकट वाऱ्याला मिळते. सासूबाई दिवसाचा बराच वेळ दक्षिणेच्या खोलीत पलंगावर असतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, त्याची त्या वाट बघतात. नेमकी तेव्हाच झडप धाडकन मिटते आणि त्या दचकून उठतात. "अगं, बांध बाई तिला!" म्हणतात.

सुतळीने बांधणं, फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबणं हे घरोघरी चालतं. पण झडपेला टेकवून बाहेरच्या कठड्यावर कुंडी ठेवू नका, खालून माणसं जातात. या सगळ्यात एक गोष्ट राहूनच जाते: झडप मिटवतंय कोण? वारा, की ती स्वतःच?

हे ओळखायला पहाटेची वेळ बरी, पान हलत नसतं तेव्हाची. खोलीचं दार लावायचं, झडप अर्धवट उघडायची आणि हात सोडायचा. जिथल्या तिथे थांबली तर बिजागऱ्या ठीक आहेत, काम वाऱ्याचं आहे. हळूहळू फिरत मिटायला लागली तर बिजागऱ्यांची रेघ ओळंब्यात नाही. दोऱ्याला जड नट बांधून तो बिजागऱ्यांशेजारी सोडला की लगेच दिसतं. वरची बिजागरी ज्या बाजूला कललेली असेल, झडप वजनाने त्याच बाजूला जाते.

बहुतेक घरांत वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. झडपेचं वजन तिला चौकटीपासून ओढतं, त्यामुळे ती उघड्या भागाकडे ढळते. मग झडप आपोआप मिटते आणि तिचा मोकळा कोपरा खाली घासायला लागतो. ही दोन दुखणी एकत्र दिसली की कारण जवळजवळ नक्की. स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेल्या आगपेटीच्या काड्या ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि मग स्क्रू पुन्हा पिळायचे. एवढ्याने भागलं नाही तर खालच्या बिजागरीच्या पानामागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी घालायची. खालची बाजू जराशी पुढे येते, वरची तिच्या मानाने मागे राहते. झडप उघडी राहायला लागते, कोपराही उचलला जातो.

घासते म्हणून जुलैत रंधा मारायला मात्र सुताराला बोलावू नये. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा तासलं की जानेवारीत बोटभर फट.

आमच्या बिजागऱ्या ठीक निघाल्या. आमच्याकडे वाराच होता, आणि आपटायची ती कायम उजवीच झडप. खिडकी दक्षिणेला आहे. आतून बघताना उजवीकडे पश्चिम येते, म्हणजे उजव्या झडपेची बिजागरी पश्चिमेच्या कडेला. पश्चिमेचा वारा भिंतीलगत आला की उघड्या झडपेच्या पाठीवर बसतो आणि तिला मिटवतो. डावीला तोच वारा भिंतीकडे ढकलतो, म्हणून ती बिचारी शांत. हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. सगळ्या खिडकीचा जीर्णोद्धार नको, एकाच झडपेला चांगला हूक पुरे.

हूक तिला आधीही होता, पण बिजागरीच्या अगदी जवळ, म्हणून त्याची कडी दरवेळी उपटून यायची. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात अर्धा मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच झडपेवर साधारण ४ किलोचा दाब येतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे १५-१६ किलो. तो झडपेच्या मध्यावर धरायचा. हूक बिजागरीपासून अर्ध्या वितीहूनही जवळ असेल तर त्याच्यावर ओढ दुपटी-तिपटीने पडते. म्हणून लांब दांडीचा हूक घ्यावा आणि झडपेवर जमेल तितका बाहेर लावावा. रविवार पेठेत बोहरी आळीत पितळी मिळतो. लोखंडी पावसात गंजतो, घेऊ नये. स्क्रूआधी बारीक भोक पाडावं, नाहीतर जुनं सागवान चिरतं. हूक अडकवल्यावर झडप अजिबात खेळता कामा नये. थोडी जरी ढील राहिली तरी प्रत्येक झोताला हिसका बसतो आणि कडी पुन्हा सैल होते.

माझी बहीण बाणेरला चौदाव्या मजल्यावर राहते. तिच्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्यांना हूक नसतोच. वर-खाली स्टीलच्या सरकत्या पट्ट्या असतात आणि घर्षणावर झडप थांबते. तिथे पट्टीत सरकणाऱ्या तुकड्यावर बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो थोडा थोडा आवळायचा. वरचा आणि खालचा सारखाच आवळावा, नाहीतर झडप तिरकी बसते. त्या खाचेत तेल सोडू नये, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. आणि वादळाची चिन्हं दिसली की त्या उंचीवर खिडकी सरळ लावून घ्यावी, पट्टी कितीही आवळलेली असली तरी.