हलव्याला काटा येईपर्यंत

डिसेंबर सरत आला की नाशिकच्या पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर यायचा. द्राक्षबागायतदार त्या आकड्याने धास्तावायचे. फार गारठा पडला की मण्यांना तडे जातात, म्हणून बागांमध्ये रात्री शेकोट्या पेटायच्या. आमच्या घरी मात्र आजी चष्मा सावरत तोच आकडा वाचायची आणि खूश व्हायची. "लावा आता शेगडी," म्हणायची. कोरडी, कडकडीत थंडी पडल्याशिवाय हलव्याला काटा धरत नाही, आणि बिनकाट्याच्या हलव्याला ती हलवा मानायलाच तयार नसे.

ही गोष्ट १९८० च्या दशकातली, नाशिकरोडची. कॉलनीतले बरेचसे बाबालोक प्रेसमध्ये, म्हणजे जिथे नोटा आणि तिकिटं छापतात तिथे नोकरीला. कॉलनीत एक महिला मंडळ होतं आणि त्याचा वर्षातला मोठा कार्यक्रम एकच. संक्रांत ते रथसप्तमी यांच्यामधला एखादा रविवार धरायचा, कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या. हळदीकुंकू, बोरन्हाण, हलव्याच्या दागिन्यांची स्पर्धा, शेवटी तिळगूळ आणि जायफळ घातलेली कॉफी. दुपारी चारला सुरू झालेला समारंभ दिवेलागणीला आटपायचा. त्याची तयारी मात्र घरोघरी महिनाभर चालायची, आणि मला जास्त आठवते ती तयारीच.

हलवा घाईत होत नाही. आजी आधी तीळ निवडून, पुसून घ्यायची. साखरेत निम्मं पाणी घालून पाक उकळला की त्यात चमचाभर दूध टाकायची, म्हणजे मळी वर येते आणि पाक पांढराशुभ्र राहतो. शेगडीत निखारे, तेही राखेखाली झाकलेले. वर पितळेची परात, परातीत मूठभर तीळ. त्यावर अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हळूहळू फिरवत राहायचं. ते सुटे होऊन सळसळायला लागले की पुन्हा अर्धा चमचा. पहिल्या दिवशी बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही, तीळ जरासे पांढुरके होतात इतकंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा टपोरा होतो आणि अचानक एका सकाळी त्याच्या अंगावर बारीक बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात. "आला गं काटा!" आजी ओरडायची आणि आम्ही पांघरुणातून उठून परातीभोवती गोळा व्हायचो.

मध्येच आभाळ आलं की संपलं. हवेत ओल आली की काटा बसतो, दाणे एकमेकांना चिकटतात. अशा दिवशी आजी परात झाकून ठेवायची आणि घरात कुणाशी धड बोलायची नाही.

तिळाखेरीज खसखस, साबुदाणा, बडीशेप, लवंग, कलिंगडाच्या बिया, डाळं अशा कशाकशावर ती हलवा चढवायची. ते काही हौस म्हणून नव्हे. खसखशीचा दाणा बारीक, तो नथीला आणि मंगळसूत्राला. लवंगेचा लांबट, तो हाराच्या पदकाभोवती. साबुदाण्याचा गोल, तो बांगड्यांना. आम्हा मुलांना परातीला हात लावायची परवानगी नसे, कारण आमची बोटं कायम कशाने तरी ओली. शेजारच्या काकू डबा घेऊन यायच्या आणि आपली साखर आजीच्या शेगडीवर ठेवून जायच्या. कॉलनीतला निम्मा हलवा अशा रीतीने आमच्या स्वयंपाकघरात व्हायचा.

मग दागिने. इथे मात्र अख्खं घर बसायचं.

हलव्याला सुई लागत नाही, दाणा फुटतो. म्हणून पांढरा दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि अलीकडे-पलीकडे गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, करकचून आवळली तर काटा मोडतो. अशा सरच्या सर तयार झाल्या की पुठ्ठ्यावर काळं कापड चढवून त्यावर त्या टाक्यांनी बसवायच्या. खळ वापरायची नाही. खळीतल्या पाण्याने साखर विरघळते आणि मुकुटाला घाम फुटतो. कडेने सोनेरी जर आणि बेगड. मुकुट, बिंदी, कर्णफुलं, बाजूबंद, कंबरपट्टा, तोडे असा नव्या सुनेचा संच. जावयाला हार आणि नारळ, शिवाय एका घरी हलव्याचं मनगटी घड्याळही झालं होतं, काट्यांसकट.

पुठ्ठा कापायचं काम बाबांचं. लग्नपत्रिका आणि साड्यांचे खोके वर्षभर त्यासाठी जपलेले असत. प्रेसमध्ये काम करणाऱ्या माणसाची रेघ कशी असते ते मी तेव्हा पाहिलं: पट्टी, टोकदार पेन्सिल, आणि मुकुटाची डावी बाजू उजवीवर ठेवली तर केसभर फरक नाही. (लोकांना वाटायचं, यांच्याकडे कागदाला काय तोटा. त्या गेटातून चिटोरंही बाहेर येत नाही.) आई गाठी मारायची, ताई जर लावायची. मी दाणे आकारानुसार वाटीत वेगळे करायचे आणि दर दहाव्या दाण्याला एक तोंडात टाकायचे. रात्री सगळं डब्यात घालून डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्यांनी निम्मा कंबरपट्टा नेलेला असायचा.

भावाचा उद्योग निराळा. तो गच्चीत पतंग करत बसायचा. बांबूच्या कामट्या तासून एक उभी, एक कमानीची, पतंगी कागद आणि मैद्याची खळ. त्याला आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी, येवल्याच्या मामाने पाठवलेली, त्यामुळे गल्लीत त्याचा रुबाब होता. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. त्याचा मांजा सुती दोऱ्याचा होता. नंतर नायलॉनचा आला, माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापू लागला. २०१७ साली हरित न्यायाधिकरणाने देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत बातम्या येतातच. असो.

लाडू मात्र मंडळाचे एकत्र व्हायचे, कुणाच्या तरी अंगणात, चुलीवर. अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं जाडसर कूट, अर्धी वाटी डाळं, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, वेलची आणि दोन चमचे तूप. असे कितीतरी घाणे. तीळ मंद आचेवर फुलेपर्यंत भाजायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा. पसरला तर कच्चा, गोळी झाली की उतरवायचा. त्यापुढे अर्धा मिनिट जरी गेला तरी लाडू खलबत्त्यात घालावा लागतो. एका वर्षी दोन काकूंचं पाकावरून वाजलं, भांडण मिटेपर्यंत तो चुलीवरच राहिला आणि त्या वर्षीचे लाडू कॉलनीतल्या म्हाताऱ्यांनी नुसते चघळले.

पाक उतरला की धावपळ. हाताला तूप लावून, चटके सोसत, मिश्रण गरम आहे तोवर वळायचे. पोरंसोरं, रिटायर झालेले आजोबा, जो दिसेल त्याला बसवायचे. मुलांचे लाडू सुपारीएवढे, आजोबांचे लिंबाएवढे, आणि ताटात ते शेजारी शेजारी. गुळाच्या पोळ्या मात्र ज्याच्या त्याच्या घरी. पोळीतला गूळ कडेपर्यंत गेला पाहिजे यावर घराघराची अब्रू ठरायची, त्यात कुणी कुणाला हात लावू देत नसे.

समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये नुसता काळा रंग. चंद्रकळा, काळी झबली, काळे परकर. बोरन्हाण सगळ्या बाळांचं एकत्रच. पाटावर ओळीने बसवलेली, डोक्यावर हलव्याचे मुकुट, गळ्यात हार, हातात बासरी. त्यांच्यावर चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा ओतायचा. बोरं जड असतात, हात खाली घेऊन सोडायची, हे दर वर्षी सांगावं लागायचं. निम्मी बाळं भोकाड पसरायची, एखादं शांतपणे स्वतःचा बाजूबंद खात बसायचं. ओतून झालं की आम्ही मोठी मुलं तुटून पडायचो. हल्ली चॉकलेटं आणि जेलीच्या गोळ्या ओततात. त्याला माझी हरकत नाही, पण ऊस सोललेला असावा आणि बोरं नसतील तर बोरन्हाण कशाला म्हणायचं?

या सगळ्यात आजी कुठे असायची? घरी. आजोबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला जात नसे. कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं, तसं कुणी म्हणत नाही. बोलावणंच येत नाही. तिने चार-पाच घरांचा हलवा करून द्यायचा, दागिन्यांची उस्तवार सांगायची आणि समारंभाच्या दुपारी आमच्या खिडकीत बसून वाती वळायच्या. आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, हे आज लिहिताना चमत्कारिक वाटतं.

तो प्रकार मोडला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी. शाळेत गणित शिकवायच्या, फार बोलायच्या नाहीत. एका डिसेंबरात त्यांनी निमंत्रणाच्या चिठ्ठीवर 'हळदीकुंकू' खोडून 'तिळगूळ समारंभ' लिहिलं आणि खाली 'कॉलनीतील सर्व स्त्रियांनी यावे.' कुजबुज झाली. दोन घरांनी त्या वर्षी येणं टाळलं. अध्यक्षीणबाई चिठ्ठी घेऊन स्वतः आमच्याकडे आल्या. आजी म्हणाली, "मी येऊन काय करू? मला शोभायचं नाही." बाई म्हणाल्या, "शोभायला नका येऊ हो. स्पर्धेला परीक्षक पाहिजे. मला हलव्यातलं काही कळत नाही."

ही मात्रा लागू पडली. आजी आपलं करड्या रंगाचं नऊवारी नेसून, चष्मा पुसत हॉलमध्ये गेली. टेबलावर मुकुट, हार, बांगड्या मांडलेल्या. तिने समोरून कशाकडे पाहिलंच नाही. प्रत्येक दागिना उचलायचा, उलटा करायचा आणि मागच्या गाठी बघायच्या. मग कानाजवळ धरून हलकेच हलवायचा. खुळखुळ आवाज आला की खाली ठेवायचा. हॉल चिडीचूप. एका मुकुटाची जर इतकी सुरेख होती की बायका आधीच टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. आजीने तो उलटा केला, "वरून शालू, आतून गोणपाट," म्हणाली आणि पुढे सरकली.

पहिला नंबर कोपऱ्यातल्या घरातल्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीच्या साध्याशा बांगड्यांना मिळाला. आमच्या आईचा कंबरपट्टा होता, बाबांनी आखलेला, आजीच्याच हलव्याचा. तो दुसरासुद्धा नाही. "चार गाठी सैल आहेत," आजीने सगळ्यांदेखत जाहीर केलं.

घरी आल्यावर आईने वाकून नमस्कार केला आणि आजीच्या हातावर तिळगूळ ठेवला, रिवाजाप्रमाणे. गोड बोलायला मात्र तिला रथसप्तमी उलटून जावी लागली.