पदवीवरचं नाव

"मॅडम, पदवीवर तुरुंगाचं नाव येतं का हो?"

आज कारागृहातल्या अभ्यासकेंद्रावर गृहपाठ गोळा करत होते, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं. मला सांगता येईना. "विचारून सांगते," म्हटलं.

त्याचा गृहपाठ आत्ता समोर आहे. इतकं बारीक, सुवाच्य अक्षर! पट्टी जवळ नसणार, कागदाची घडी घालून समास पाडलाय. खाडाखोड जवळपास नाहीच. एका पानावर मात्र एकच ओळ तीनदा खोडून लिहिलीय. प्रश्न कुटुंबसंस्थेवरचा होता.

१९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ सुरू झालं, ते कॉलेजपर्यंत पोचू न शकणाऱ्यांसाठीच. आज त्याची केंद्रं कारागृहांतही आहेत. पदवी मिळवली की शिक्षेत सूट मिळू शकते. लोक म्हणतात, त्यासाठीच शिकतात हे. शिकेनात का! पण याने सूट किती, ते विचारलंच नाही. "मुलगी दहावीला आहे. तिला दाखवायचीय," एवढंच म्हणाला.

उद्या सकाळी पहिला फोन विद्यापीठात लावणार आहे.

तुमच्यापैकी कुणी, आत शिकून बाहेर आलेल्याला कामावर ठेवलंय का?